खाडीत बॅटऱ्या चार्ज करताना अल्टरनेटर तापतो तेव्हा

दिवाळे कोळीवाड्यातून भरतीच्या पाण्यावर ठाणे खाडीत निघालेली होडी वाशीच्या पुलाजवळ येते, रात्रभर दिव्यांसाठी वापरून उतरलेल्या बॅटऱ्या चार्ज होत असतात, आणि इंजिनखणातून जळक्या वार्निशचा उग्र वास येऊ लागतो. हा वास ज्याने एकदा घेतला आहे तो विसरत नाही, कारण त्यानंतर थोड्याच वेळात चार्जिंगचा लाल दिवा लागतो आणि अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या यंत्राचे, वाइंडिंग (तांब्याच्या तारेचे वेटोळे) गेलेले असते. माझ्या होडीवर असे दोनदा घडले. पहिल्या वेळी अल्टरनेटर जुना होता म्हणून जळाला, असे मी मानले. त्याच्या जागी नवा बसवला आणि तोही काही आठवड्यांतच तसाच वास सोडून गेला, तेव्हा तिसरा विकत घेण्याआधी मी मोजमाप करायला बसलो. पुढे जे लिहिले आहे ते त्या मोजमापातून आणि त्यानंतर इतरांच्या होड्यांवर केलेल्या कामातून आले आहे. ते १२ व्होल्टच्या, पट्ट्यावर अल्टरनेटर चालवणाऱ्या डिझेल इंजिनांसाठी आहे. २४ व्होल्टची यंत्रणा असल्यास व्होल्टचे आकडे दुप्पट धरावेत. मागे लटकणाऱ्या आउटबोर्ड इंजिनांची चार्जिंग कॉइल हा वेगळा प्रकार असून तो येथे घेतलेला नाही.

उष्णता येते कुठून

अल्टरनेटरच्या पाटीवर छापलेला अँपिअरचा आकडा साधारणपणे थंड यंत्राचा असतो. सुमारे २५ अंश सेल्सिअस हवेत, मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या आसपास फिरताना मिळणारा. तासन् तास तेवढा करंट देत राहावे, अशी त्याची रचना नसते. मोटारीत त्याला तसे करावेही लागत नाही, कारण सेल्फ मारल्यामुळे उतरलेली बॅटरी काही मिनिटांत भरून येते आणि त्यानंतर अल्टरनेटर जवळजवळ आरामात असतो. होडीवर मात्र दिवे, मासे शोधणारे यंत्र, जीपीएस, बिनतारी संच आणि तळातले पाणी काढणारा पंप यांनी रात्रभर बॅटरी खाल्लेली असते, आणि सकाळी ती सगळी भरपाई एकट्या अल्टरनेटरकडून हवी असते.

पट्ट्यावरचा साधा अल्टरनेटर इंजिनाकडून घेतलेल्या शक्तीपैकी निम्मी ते साठ टक्के शक्ती वीज म्हणून परत देतो आणि उरलेल्या शक्तीची उष्णता होते. १४ व्होल्टवर ५५ अँपिअर, म्हणजे ७७० वॅट बॅटरीकडे जात असतील, तर सुमारे ६०० वॅट त्या ॲल्युमिनियमच्या लहानशा कवचातच उष्णता होऊन साचत असतात. घरातली साधी इस्त्री ७५० ते १,००० वॅटची असते, यावरून अंदाज यावा. इस्त्री फार तापली की तिचा थर्मोस्टॅट वीज तोडतो. साध्या अल्टरनेटरमध्ये असे तोडणारे काही नसते. त्याचा रेग्युलेटर, म्हणजे त्याने किती जोर लावायचा हे ठरवणारा भाग, प्रामुख्याने व्होल्टेज पाहतो, आणि व्होल्टेज कमी दिसते तोवर अल्टरनेटरला पूर्ण जोराने राबवत राहतो.

ही उष्णता बाहेर काढण्याचे एकमेव साधन म्हणजे अल्टरनेटरच्या दांड्यावरचा पंखा, आणि तो दांड्याच्याच वेगाने फिरतो. आपल्या खाडीची अडचण येथे सुरू होते. ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान ओहोटीला दोन्ही बाजूंचा गाळ उघडा पडतो, मधली वाट अरुंद होते, पाण्यात जाळ्यांच्या दोऱ्या असतात. शिवाय हाच पट्टा फ्लेमिंगो अभयारण्याचा आहे, ज्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, आणि नोव्हेंबर ते मे या काळात पक्षी असताना तेथे होडी हळूच न्यावी लागते, तशी ती न्यायलाही हवी. इंजिन मिनिटाला ९०० ते १,००० फेऱ्यांवर आणि पुलीचे प्रमाण अडीचपट असेल, तर अल्टरनेटर २,२५० ते २,५०० फेऱ्यांवर फिरतो. एवढ्या वेगात तो बराच करंट देऊ शकतो, रेग्युलेटर त्याच्याकडून तो पूर्ण ताकदीने काढून घेतो, पण पंख्याचा वारा मात्र अगदी क्षीण असतो. मोकळ्या समुद्रात पूर्ण वेगाने जाणाऱ्या होडीचा अल्टरनेटर वर्षानुवर्षे टिकतो आणि तसाच अल्टरनेटर खाडीत रमतगमत चालणाऱ्या होडीवर एका उन्हाळ्यात जातो, त्याचे कारण हे आहे.

त्यात तांब्याचा गुणधर्म भर घालतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणून वाइंडिंग १०० अंशांनी तापले की त्याचा रोध जवळजवळ ४० टक्के जास्त होतो. तापलेला अल्टरनेटर त्यामुळे कमी वीज देतो, चार्जिंग लांबते, आणि लांबलेल्या चार्जिंगमुळे तो आणखी वेळ तापत राहतो.

आधी मोजावे, मग नट खोलावा

मोजण्यासाठी मल्टीमीटर, टंग टेस्टर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर), इन्फ्रारेड थर्मामीटर आणि पाण्याच्या बॅटऱ्या असल्यास हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) एवढी साधने पुरतात. टंग टेस्टर घेताना तो डीसी करंट मोजणारा आहे याची खात्री दुकानातच करून घ्यावी. घरातील वायरिंगचे काम करणाऱ्यांकडे असलेले अनेक टंग टेस्टर फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरवर लावले की शून्य दाखवतात. काम सुरू करण्यापूर्वी अंगठी, हातातले कडे आणि गळ्यातला गमछा काढून ठेवावा, आणि चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ मोकळा हात नेऊ नये.

हात लावून अल्टरनेटर तापल्याचा निष्कर्ष काढू नये. साठ अंशांवरच हात ठेवणे अशक्य होते, आणि साठ अंश हे अल्टरनेटरसाठी थंडच म्हणायचे. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर तो खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो. म्हणून कवचाच्या दोन अर्ध्या भागांमध्ये दिसणाऱ्या लोखंडी पत्र्यांच्या थरावर, आणि मागच्या बाजूला डायोड (एसी विजेची डीसी करणारे भाग) बसवलेली प्लेट असते तेथे, उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका काढून ठेवावा आणि नेहमी त्याच ठिपक्यांवर मोजावे. बॅटऱ्या निम्म्या उतरलेल्या असताना होडी अर्धा तास मंद वेगात चालवून एक नोंद घ्यावी, मग अर्धा तास नेहमीच्या वेगात चालवून दुसरी. त्याच वेळी अल्टरनेटरच्या जाड वायरवरचा करंट, बॅटरीच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज आणि अल्टरनेटरमागच्या हवेचे तापमानही लिहून घ्यावे.

माझ्या अनुभवात ठिपक्यावर ९० अंशांपर्यंत चिंता करण्यासारखे काही नसते. १०० ते ११० अंश दिसले तर कारण शोधायला हवे, आणि १२० च्या वर गेल्यास तेव्हाच दिवे व इतर भार बंद करून मागणी कमी करावी. चार्जिंग थांबवण्यासाठी बॅटरीचा मेन स्विच मात्र इंजिन चालू असताना कधीही फिरवू नये. वाहता करंट अचानक तुटला की अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणात उसळते आणि डायोड फुटतात. बऱ्याचदा त्यासोबत जीपीएस आणि बिनतारी संचही जातात.

वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भ्याला ट्रकचे अल्टरनेटर उत्तम दुरुस्त करणारे कारागीर आहेत, पण त्यांच्या टेबलावर अल्टरनेटर दोन मिनिटे, थंड हवेत, पूर्ण वेगाने फिरवून पाहिला जातो. तेथे तो चांगला ठरला याचा अर्थ खाडीत तापणार नाही असा होत नाही. मोजणी होडीवरच करावी लागते.

बॅटरीचा दोष अल्टरनेटर भोगतो

करंट छापील आकड्याच्या जवळ असूनही तासाभरानंतर बॅटरीचे व्होल्टेज १३ च्या आसपासच घुटमळत असेल, तर संशय आधी बॅटरीवर घ्यावा. निरोगी लेड-ॲसिड बॅटरी भरत जाते तसे तिचे व्होल्टेज १४ च्या वर चढते आणि करंट आपोआप उतरतो. एखादा सेल आतून शॉर्ट झालेला असेल तर व्होल्टेज तेथवर कधी पोचतच नाही, रेग्युलेटरला वाटते की बॅटरी अजून रिकामीच आहे, आणि अल्टरनेटर दिवसभर पूर्ण भाराखाली राहतो. होडी काही तास उभी राहिल्यावर, सगळे भार बंद करून आणि एकमेकांना जोडलेल्या बॅटऱ्या सुट्या करून, प्रत्येकीचे व्होल्टेज स्वतंत्र पाहावे. १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच राहणारी म्हणजे एक सेल गेलेली. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटरने सहाही सेल तपासावेत. दोन सेलमधील फरक ०.०५० पेक्षा जास्त असल्यास ती बॅटरी बदलण्याच्या लायकीची झाली आहे. नवी आणि जुनी बॅटरी शेजारी शेजारी जोडण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्यात जुनी बॅटरी नवीला रात्रभर खात राहते आणि सकाळी तिचा भुर्दंड अल्टरनेटर भरतो, म्हणून दोन्ही एकदमच बदलाव्यात.

पट्टा, वायर आणि डायोड

पट्ट्याची तपासणी पाच मिनिटांचे काम आहे. इंजिन बंद असताना सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोराने दाबले असता पट्टा १० ते १२ मिलिमीटर झुकावा. त्याहून सैल असेल तर तो पुलीवर घसरतो, आणि घसरण्याची उष्णता पुलीतून दांड्यात, दांड्यातून बेअरिंगमध्ये जाते. पुलीभोवती काळी भुकटी साचलेली दिसली, किंवा थर्मामीटरवर पुली कवचापेक्षा जास्त तापलेली आढळली, तर पट्टा घसरत आहे हे निश्चित समजावे. तो चिकट करण्यासाठी कोणतेही रसायन लावू नये आणि अती ताणूही नये, कारण मग बेअरिंग जाते. दोन्ही पुल्या एका सरळ रेषेत आहेत का, हे एखादी सरळ पट्टी लावून पाहावे.

वायरच्या बाबतीत आपण नेहमी कंजुषी करतो. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत ३ मीटर अंतर असेल तर करंटचा प्रवास जाऊन-येऊन ६ मीटर होतो. १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये ६० अँपिअरला यात सुमारे ०.६५ व्होल्ट वाया जातात, १६ च्या वायरमध्ये ०.४, आणि २५ च्या वायरमध्ये सुमारे ०.२५. चार्जिंगमध्ये अर्धा व्होल्ट कमी पडणे म्हणजे तासांचा फरक. खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत साधी वायर आतून काळी पडत जाते, त्यामुळे कथिलाचा मुलामा असलेली वायर घ्यावी, टोकांची थिंबल दाबयंत्रानेच दाबून घ्यावीत, आणि हिरवा गंज चढलेले प्रत्येक टर्मिनल घासून स्वच्छ करावे. वरून कितीही पेट्रोलियम जेली लावली तरी आतला गंज जात नाही. ही कामे करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी आणि शेवटी जोडावी.

डायोडची परीक्षा दोन प्रकारे होते. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी अल्टरनेटरला हात लावून पाहावा. रात्रभर उभ्या होडीत तो कोमट लागला तर एखादा डायोड शॉर्ट झाला आहे आणि बॅटरीची वीज उलट त्याच्यातून जाऊन जिरते आहे. दुसरी परीक्षा इंजिन चालू आणि काही दिवे लावलेले असताना करावी. मल्टीमीटर एसीवर ठेवून अल्टरनेटरच्या पॉझिटिव्ह टर्मिनल आणि कवचामध्ये लावावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास डायोड किंवा वाइंडिंगचा एक भाग निकामी झाल्याचा संशय घ्यावा. सहा डायोडपैकी एक तुटला तरी चार्जिंग चालूच राहते, म्हणून हा दोष महिनोन् महिने लक्षात येत नाही, आणि उरलेल्या डायोडांना जास्तीचा भार वाहावा लागतो. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसीचाच आकडा दाखवतात, त्यामुळे इंजिन बंद असताना तो मीटर आधी नुसत्या बॅटरीवर लावून शून्य दाखवतो का, याची खात्री करावी.

वारा

एप्रिल-मे महिन्यांत ठाण्यात बाहेरची हवा दुपारी अनेकदा ३८ अंशांच्या वर जाते. अशा वेळी झाकण लावलेल्या इंजिनखणातली हवा ५५ ते ६० अंशांवर पोचणे नवलाचे नाही. अल्टरनेटरचा पंखा हीच तापलेली हवा आत ओढतो, आणि थंड करणारी हवाच २० अंशांनी गरम असेल तर अल्टरनेटरही साधारण तेवढाच जास्त तापतो. मोजणी करताना एकदा झाकण उघडे ठेवून आणि एकदा बंद करून पाहावे. दोन नोंदींत १५-२० अंशांचा फरक पडला तर तुमचा निम्मा प्रश्न वाऱ्याचा आहे.

यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय स्वस्त आहे. बाहेरची स्वच्छ हवा तीन किंवा चार इंची लवचीक नळीने थेट अल्टरनेटरच्या मागच्या बाजूपर्यंत आणावी, कारण बहुतेक अल्टरनेटर तिकडूनच हवा आत घेतात. आपला अल्टरनेटर कोणत्या बाजूने ओढतो हे पाहण्यासाठी लांब काडीला पातळ कागदाची पट्टी बांधून ती पट्ट्यापासून दूर, मागच्या बाजूने धरावी. नळीचे बाहेरचे तोंड खाली वळवलेले असावे, म्हणजे लाटेचे शिंतोडे आत येणार नाहीत. मंद वेगातच जास्त चालणाऱ्या होडीत या नळीवर १२ व्होल्टचा छोटा ब्लोअर बसवणे फार हिताचे ठरते, कारण ब्लोअरचा वेग इंजिनाच्या वेगावर अवलंबून नसतो. इंजिन पेट्रोलचे असल्यास मात्र ठिणगी न पडणारा, होडीसाठीच बनवलेला ब्लोअर आणि तसाच अल्टरनेटर अनिवार्य आहे. तेथे तडजोड करणे म्हणजे होडीसह माणसांचा जीव धोक्यात घालणे होय.

जवळून जाणारा धुराचा पाइप काचतंतूच्या पट्टीने गुंडाळावा. इंजिनाच्या पाण्याच्या गाळणीकडेही याच निमित्ताने पाहावे. आपल्या खाडीतला गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या ती वारंवार बंद करतात, इंजिन नेहमीपेक्षा तापते, आणि त्याच्याच बाजूला बसलेला अल्टरनेटर त्या तापातून सुटत नाही. अल्टरनेटरच्या जाळीदार खिडक्यांत मिठाची खपली आणि तेलकट मळ बसलेला असतो. तो कोरड्या ब्रशने काढावा, पाण्याचा फवारा मारू नये.

लिथियम बसवल्यावर

माझ्या दोन्ही अल्टरनेटरचा बळी येथे गेला होता. दोन जड लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून मी २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. विकणाऱ्याने ती जुन्या वायरवरच जोडून दिली, आणि अल्टरनेटर कोणता आहे हे त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही. लेड-ॲसिड बॅटरी भरता भरता स्वतःच करंट कमी करत जाते. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ती जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मिळेल तेवढा करंट घेतच राहते. १६० अँपिअर-तास भरायचे म्हटले तर ६५ अँपिअरचा अल्टरनेटर पूर्ण जोराने अडीच-तीन तास राबणार, आणि तेही खाडीच्या मंद वेगात. शिवाय बॅटरी भरली किंवा काही बिघाड झाला की तिच्यातील संरक्षण यंत्रणा जोडणी अचानक तोडते, आणि वर सांगितलेली व्होल्टेजची उसळी येते.

म्हणून लिथियम बॅटरी साध्या अल्टरनेटरला थेट जोडू नये. अल्टरनेटरची वायर सेल्फच्या लेड-ॲसिड बॅटरीवर न्यावी आणि तेथून पुढे डीसी-टू-डीसी चार्जर लावून लिथियम बॅटरी भरावी. हा चार्जर ठरलेल्या करंटपेक्षा जास्त मागत नाही, आणि लिथियमने जोडणी तोडली तरी लेड-ॲसिड बॅटरी अल्टरनेटरला जोडलेलीच राहते. चार्जर निवडताना त्याने अल्टरनेटरकडून घ्यायचा करंट पाटीवरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास राहील असे पाहावे. ६५ अँपिअरच्या अल्टरनेटरला ३० अँपिअरचा चार्जर योग्य ठरतो. चार्जिंगला जास्त वेळ लागतो हे खरे आहे, पण तापून ४० अँपिअरवर आलेल्या अल्टरनेटरपेक्षा शांतपणे ३० अँपिअर देत राहणारा मला अधिक भरवशाचा वाटतो.

ज्यांना जास्त करंट हवाच आहे त्यांनी बाहेरून बसवायचा, तापमानाचा सेन्सर असलेला रेग्युलेटर घ्यावा. अल्टरनेटर ठरलेल्या अंशांवर पोचला की तो स्वतःच त्याचा जोर उतरवतो. त्यासाठी अल्टरनेटरच्या आतील रेग्युलेटर काढून कार्बनच्या (फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या ब्रशच्या) वायरी बाहेर घ्याव्या लागतात, आणि हे काम अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे. नुसता मोठ्या आकड्याचा अल्टरनेटर आणून बसवणे हा मार्ग मी सुचवणार नाही. १०० अँपिअरच्या वर गेल्यास एक साधा व्ही-पट्टा तो भार पेलत नाही, आणि लहान इंजिनाला मंद वेगात दोन-तीन अश्वशक्ती केवळ अल्टरनेटरसाठी देणे जड जाते.

मोठी कामे जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढलेली असताना करावीत. अल्टरनेटर उतरवून कार्बन किती झिजले ते पाहावे, दांड्यावरच्या तांब्याच्या कड्या स्वच्छ कराव्यात, बेअरिंग हाताने फिरवून घरघर ऐकावी, आणि परत बसवेपर्यंत तो घरात कोरड्या जागी ठेवावा. होडी पाण्यात गेली की पहिल्याच भरतीला, बॅटऱ्या मुद्दाम निम्म्या उतरवून, मंद आणि नेहमीच्या वेगातली तीच मोजणी पुन्हा करावी आणि आकडे तारखेसह लिहावेत. माझ्या इंजिनखणाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते पक्क्या शाईने लिहिलेले आहेत. पहिल्या ओळीत मंद वेगात ११८ अंश आणि ४३ अँपिअर, त्याखाली नळी, ब्लोअर आणि चार्जर बसवल्यानंतरच्या ओळीत ८६ अंश आणि ३१ अँपिअर.